जुने कॉम्प्युटर कशाला जपायचे? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात मी आर्वीच्या माझ्या दुकानात चालू असलेल्या बीबीसी मायक्रो या जुन्या कॉम्प्युटरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून सगळ्यांचीच गाळली.

भाऊ, माझे मिस्टर कृषी सहायक होते. रिटायर झाल्यापासून भंगारवाल्याकडून जुने कॉम्प्युटर आणतात. एक खोली भरली, सोयाबीनची पोती ठेवायची जागा गेली. जावा-नणंदा विचारतात, "हे काऊन बरं?" मला उत्तर देता येत नाही. मी रागावून नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारते. त्यांना त्यात काय दिसतं?
(एक वाचक, ता. दारव्हा)

ताई, समजून घ्यायचं म्हणून विचारता, हे फार चांगलं केलंत. जरा सविस्तर सांगतो.

आज मोबाइल बिघडला तर दुकानदार काय म्हणतो? "बोर्ड गेला, बदला." बोर्डात नेमकं काय गेलं, हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं. माझा उभा जन्म रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत गेला. रेडिओचं मागचं झाकण काढलं की कोणता कंडेन्सर कशासाठी आहे, आवाज कुठून कुठे जातो, हे शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला बोटाने दाखवता यायचं. सुरुवातीचे घरगुती कॉम्प्युटर असेच होते. झाकण उघडा, चिपांवरचे नंबर वाचा, सर्किटचा नकाशा समोर ठेवा आणि एकेक रस्ता तपासत जा.

माझ्याकडचा बीबीसी मायक्रो घ्या. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ साली काढला. त्याचा मेंदू म्हणजे ६५०२ नावाची चिप. तिच्यात साधारण साडेतीन हजार ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक स्विच, आहेत. आजच्या चांगल्या मोबाइलच्या चिपमध्ये ते हजार कोटींच्याही पुढे असतात. साडेतीन हजारांचा कारभार एका माणसाच्या डोक्यात मावतो. मेमरी ३२ केबी. बटण दाबलं की दोन सुरांत एक आवाज येतो, पडद्यावर यंत्राचं नाव येतं, खाली 'बेसिक' (त्याची प्रोग्रॅम लिहायची भाषा) एवढा शब्द आणि बाणाचं एक टोक. ना पासवर्ड, ना अपडेट, ना जाहिरात. तुम्ही काय लिहिता याची ते वाट पाहतं.

हे यंत्र आपल्या देशाला परकं नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांत कॉम्प्युटर शिकवायची 'क्लास' योजना सुरू केली, ती याच बीबीसी मायक्रोवर. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते 'युनिकॉर्न' या नावाने इथेच तयार केलं. माझा नग एका शाळेच्या लिलावात मोडक्या बाकांच्या ढिगाबरोबर आला. आत उंदराने घर केलं होतं, पण एकही चिप जळलेली नव्हती.

आता त्याचं मी करतो काय, ते सांगतो. रविवारी आजूबाजूची लेकरं दुकानात येतात. त्यांना मी चौकटीची वही देतो, आठ बाय आठ घरं आखून, आणि म्हणतो, यात एक अक्षर बसवा. या यंत्रावर प्रत्येक अक्षर आठ ओळींत, ओळीला आठ घरं, असंच मांडावं लागतं. घरांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. भरलेल्या घरांची बेरीज करायची, की त्या ओळीचा आकडा मिळतो. शिरोरेषेत आठही घरं भरलेली, म्हणून २५५. तिच्याखाली काना, म्हणजे उजवीकडून दुसऱ्या घरातली उभी रेघ, ओळीमागे २. मग लेकरू आधी 'मोड ४' (पडद्याचा एक प्रकार) लिहितं आणि पुढे 'व्हीडीयू २३,२२४,२५५,२,२,२,२,२,२,२'. यात २३ म्हणजे नवं अक्षर घडव, २२४ हा त्याचा नंबर आणि पुढे आठ ओळींचे आकडे. शेवटी 'व्हीडीयू २२४' म्हटलं की पडद्यावर शिरोरेषेसकट काना उभा राहतो. ज्या यंत्राला मराठीचा म सुद्धा माहीत नाही, त्याच्यावर आपल्या हाताने आपली लिपी उमटते. त्या वेळी पोरांचे चेहरे बघावेत!

सहावीतल्या एका मुलीने असा 'ग' केला आणि मग तिला 'गी' हवा झाला. वेलांटी शिरोरेषेच्या वर जाते, आणि वर तर एकही ओळ शिल्लक नाही. तिने शिरोरेषा दोन ओळी खाली आणली, तर 'ग' चपटा झाला. बराच वेळ वहीत खाडाखोड करून तिने मला विचारलं, "काका, मग मोबाइलवर मराठी कसं काय येते?" ताई, हाच प्रश्न घेऊन आयआयटी कानपूरमधली माणसं बसली होती. त्यातून 'जिस्ट' तंत्र आलं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाल्यावर ते काम तिथे वाढलं. कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या जिस्ट कार्डावर जोडाक्षरं, वेलांट्या, रफार नीट दिसू लागले. आठ घरांची वही समोर नसती तर त्या मुलीला हा प्रश्न पडलाच नसता. मोबाइलवर सगळं आधीच सुटलेलं असतं.

तुमच्या मिस्टरांना बहुधा हेच दिसत असावं: आतून बाहेरून पूर्ण कळू शकेल असं यंत्र. कृषी सहायकाला तर हे अगदी ओळखीचं. खोडकिडा दिसला की औषध मारून तो मोकळा होत नाही, खोड चिरून बघतो.

पण सोयाबीनच्या पोत्यांबाबत मी तुमच्या बाजूने आहे. नुसतं गोळा करत जाणं मला पटत नाही. जो चालू आहे किंवा ज्याच्यावर काम चालू आहे तो ठेवावा. एकाच जातीचे तीन असतील तर तिघांचे चांगले पार्ट काढून एक उभा करावा आणि उरलेले द्यावेत. रविवारी त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "मला एक चालू करून दाखवा." कोणता नग त्यांच्या खरंच जिव्हाळ्याचा आणि कोणता नुसता आणून टाकलेला, हे तासाभरात तुम्हाला कळेल, आणि बहुधा त्यांनाही.

काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्पेक्ट्रम, बीबीसी, डॉस, अशा सगळ्या जुन्या कॉम्प्युटरांची नक्कल करणारे प्रोग्रॅम, म्हणजे इम्युलेटर, फुकट मिळतात. मोबाइलवरही चालतात. मग चाळीस वर्षांपूर्वीचं धूळ खाल्लेलं यंत्र सांभाळायची गरजच काय?
(एक विद्यार्थी, पुसद)

इम्युलेटर जरूर वापर. मी स्वतः वापरतो. नवा प्रोग्रॅम आधी त्यावर तपासतो, मग यंत्रावर नेतो. ज्याच्याजवळ जागा नाही, पैसा नाही, त्याने त्यावरच शिकावं. त्यात काही उणं नाही.

तरी यंत्र लागतंच. का, ते ऐक. बीबीसी मायक्रोच्या मागे ॲनालॉग पोर्ट आहे, चार वाहिन्यांचा. बाहेरचा कमी-जास्त होणारा व्होल्टेज तो आकड्यात बदलतो. नागपूरला सीताबर्डीवर मिळणारा साधा थर्मिस्टर (उष्णतेने ज्याचा रेझिस्टन्स बदलतो तो) आणि एक रेझिस्टन्स त्याला जोडला, आणि 'ॲडव्हॅल(१)', म्हणजे पहिल्या वाहिनीचा आकडा, छापत राहणारा दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. शून्यापासून ६५५२० पर्यंतच्या पट्टीत आकडा येतो, थर्मिस्टर तापला की चढतो. मे महिन्यात दुकानाच्या टिनाखाली धरला तर आकडा चढत गेला. तोच माठाच्या ओल्या अंगाला टेकवला तर भराभर उतरला. पोरांनी मग थर्मिस्टर घेऊन अख्खं दुकान पालथं घातलं: टिनाखाली किती, कवेलूखाली किती, निंबाच्या सावलीत किती. कवेलू आणि टिनातला फरक आपण जन्मभर अंगावर भोगतो, तो त्या दिवशी त्यांनी आकड्यात मोजला. मोबाइलवरच्या इम्युलेटरला थर्मिस्टर लावायला पोर्टच नाही. तू म्हणशील आर्डुइनो या आजच्या छोट्या बोर्डाला लागतो. लागतो, आणि तोही छानच आहे. पण त्याचा प्रोग्रॅम लिहायला दुसरा कॉम्प्युटर लागतो. इथे लिहिणारा, मोजणारा आणि दाखवणारा एकच.

दुसरं असं की इम्युलेटर तयार होतो तोच कुणीतरी खरं यंत्र चालू ठेवलं म्हणून. चिप कोणत्या क्षणी काय करते, पडद्यावरची रेघ कधी उमटते, हे खऱ्या यंत्रावर मोजून त्यात उतरवतात. आतला कायमचा प्रोग्रॅमही मूळ चिपमधूनच वाचून घ्यावा लागतो. काही यंत्रांत हा प्रोग्रॅम काचेच्या खिडकीच्या इप्रॉम चिपमध्ये असतो. तिच्यातला भार वर्षानुवर्षं झिरपून जातो, मग माहिती पुसली जाते. खिडकीवरचा कागद निघाला असेल तर उन्हानेही पुसते. वेळेवर वाचली नाही तर इम्युलेटरमध्ये घालायला काही उरत नाही.

आणि यंत्र मोडून टाकलं की ते परत उभं करणं किती जड जातं, हेही बघ. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला जर्मनांचे संदेश फोडायला कोलॉसस नावाचं यंत्र होतं, टॉमी फ्लॉवर्स या इंजिनिअरने रचलेलं. युद्ध संपल्यावर गुप्ततेपोटी बहुतेक यंत्रं मोडली, नकाशे जाळले. टोनी सेल आणि त्यांच्या सोबत्यांनी थोडे फोटो, उरलेले काही कागद आणि म्हाताऱ्या इंजिनिअरांच्या आठवणी जुळवून ते पुन्हा बांधायला घेतलं, तेव्हा काम पुरं व्हायला २००७ साल उजाडलं. एवढ्या मोठ्या गोष्टीची ही गत. तुझ्या माझ्या तालुक्यातला कॉम्प्युटर तर कुणाच्या यादीतही नाही.

स्पेक्ट्रमचा मेंदू म्हणजे झेड८० ही चिप. १९७६ पासून ती बनत होती. तिच्या मूळ रूपातल्या शेवटच्या ऑर्डरी झायलॉग कंपनीने २०२४ च्या जूनपर्यंतच घेतल्या. जुन्या बोर्डावर ती दिसली तर फेकू नकोस.

भाऊ, घरी जुना पेंटियम आणि टीव्हीएसचा कीबोर्ड आहे. जुन्या कॉम्प्युटरला लाखो रुपये मिळतात असं ऐकलं. खरं का?
(एक शेतकरी, वणी)

लाखो मिळतात ते १९७६ च्या ॲपल-१ सारख्याला, जे अवघे दोनशेच्या आसपास बनले होते. पेंटियमला मिळणार नाहीत, कारण ते गल्लोगल्ली होते. पेंटियमच्या आधीच्या २८६-३८६ चे चालू बोर्ड, युनिकॉर्न, भारतात परवान्याने बनलेला डीबी स्पेक्ट्रम, यांना मात्र शौकीन माणूस शोधत येतो. तुमचा कीबोर्ड खटखट वाजणारा टीव्हीएस गोल्ड असेल तर तो आधी पुसून नीट ठेवा. त्याची बटणं चेरी या कंपनीची आहेत आणि फार टिकतात.

विकायचं नसेल आणि ठेवायचंही नसेल तर तारा जाळून तांबं काढणाऱ्याला किंवा बोर्ड ॲसिडात घालणाऱ्याला देऊ नका. तो धूर आणि ते पाणी आपल्याच गावात राहतं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांखाली नोंदणी झालेले रिसायकलर असतात, त्यांच्याकडेच द्यावं. देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या.

नमस्कार. माझे बाबा हिंगणघाटला डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, गावच्या सप्ताहाच्या स्मरणिका, शिवाय त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या जुन्या लोकांच्या आठवणी, सगळं साडेतीन इंची फ्लॉपींवर आहे. बाबा गेले. एक फ्लॉपी कशीबशी उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हे गेलं असं समजायचं का?
(एक वाचक, जि. वर्धा)

नाही ताई, गेलं नाही. तो कचरा दिसतोय याचाच अर्थ फाइल जिवंत आहे.

त्या काळच्या मराठी फाँटांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असायचं. फाइलमध्ये साठतो तो इंग्रजी अक्षराचा नंबर, आणि मराठी दिसायचं ते केवळ फाँटमुळे. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तोच फाँट नसला की नुसते नंबर उघडे पडतात. आज आपण लिहितो ते युनिकोडमध्ये, तिथे मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय आली विंडोज २००० पासून. बाबांचं काम बहुधा त्याच्या आधीचं किंवा त्याच वळणावरचं असणार.

घाई मात्र करू नका, उरलेल्या फ्लॉपी एकामागून एक ड्राइव्हमध्ये घालून बघू नका. आपल्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते. पत्र्याची झडप सरकवा, मधली चकती बोटाने हळू फिरवा आणि उजेडात आतली काळपट फिल्म बघा. पांढरे ठिपके किंवा ढगासारखे डाग दिसले तर ती बाजूला ठेवा. तशीच घातली तर बुरशी ड्राइव्हच्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पाडते. स्वच्छ असतील त्यांच्या कोपऱ्यातलं काळं बटण सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. मग पूर्ण फ्लॉपीची प्रत काढा आणि पुढचं सगळं काम प्रतीवर करा. जुन्या फ्लॉपीचं पहिलं वाचन हेच शेवटचं ठरू शकतं. ज्या नेहमीच्या ड्राइव्हमध्ये वाचल्या जात नाहीत त्यांच्यासाठी ग्रीझवीझल नावाचं एक छोटं कार्ड आहे. ते फाइली न शोधता फिल्मवरची चुंबकीय खूणच टिपून घेतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाबांचा कॉम्प्युटर अजून घरात आहे का? असेल तर कुणालाही देऊ नका. त्यात पानं जुळवायचं पेजमेकर असेल, त्यांचे फाँट असतील. मराठीच्या काही सॉफ्टवेअरना मागच्या पॅरलल पोर्टला (जुना प्रिंटर जोडायच्या जागेला) लावायचं एक लॉक लागायचं, काडेपेटीएवढं. ते नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही, आणि तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला नाही. लॉक मागे तसंच लावलेलं असेल तर हात लावू नका. जुना कॉम्प्युटर चालू ठेवायचं याहून मोठं कारण मला माहीत नाही. अशा कामासाठी मी विंडोज ९८ चं एक मशीन कायम तयार ठेवतो.

फाइल उघडली की दोन गोष्टी करा. एक, पान जसं आहे तसं छापून घ्या, कागदावर. दुसरं, फाँटचं नेमकं नाव लिहून ठेवा. त्या नावावरून युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात. बदललेला मजकूर छापील पानाशी ताडून बघा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात. सप्ताहाच्या स्मरणिका नंतर केल्या तरी चालतील. आठवणींच्या फ्लॉपी आधी घ्या.

शाळेच्या स्टोअरमध्ये एक ४८६, पेंटियमच्या आधीचा कॉम्प्युटर, सापडला. बरीच वर्षं बंद आहे. थेट प्लग लावला तर चालेल का?
(एक शिक्षक, काटोल)

सर, थेट लावू नका. आधी झाकण उघडा. बोर्डावर निळी किंवा हिरवी, प्लॅस्टिक गुंडाळलेली लांबट बॅटरी दिसेल. तिच्या आजूबाजूला हिरवट-पांढरी खपली असेल तर ती गळली आहे. तिचं पाणी बोर्डाचे ट्रॅक खातं. कटरने ती कापून काढा, खपलीवर लिंबाचा रस किंवा पांढरा व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशने घासा, पाण्याने धुवा, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवून पंख्याखाली पूर्ण वाळवा. तुटलेल्या ट्रॅकवर तारेचा जम्पर मारता येतो. बॅटरी गळालेली नसली तरी ती आजच कापून काढा. आज ना उद्या ती गळतेच.

मग पॉवर सप्लाय. आपल्या भागात जिनिंगजवळच्या कॉम्प्युटरच्या पंख्यात कापसाचा तूस नमद्यासारखा बसलेला असतो, तो ब्रशने काढा. फुगलेले कंडेन्सर बदला. आपला उन्हाळा त्यांचा वैरी आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. मशीन टिनाच्या खोलीत ठेवू नका. समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात, तेव्हा प्लग लावण्याआधीच त्या बटणाच्या मागच्या पिना टेपने झाका. बोर्डाकडे जाणारे दोन प्लग सारखेच दिसतात. ते लावताना दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लागले तर बोर्ड गेला. मॉनिटरला मात्र हात घालू नका. पिक्चर ट्यूबवरचा ईएचटी, म्हणजे हजारो व्होल्टचा दाब, बंद मशीनमध्येही धक्का देतो. त्यासाठी टीव्हीचं काम केलेला माणूसच बोलवा.

पहिल्यांदा चालू करताना रेडिओवाल्याकडे असतो तसा सिरीज बोर्ड घ्या, म्हणजे करंट बल्बातून होऊन मशीनकडे जातो, शंभर वॉटचा बल्ब लावून. कॉम्प्युटरचा बोर्ड सोडवून ठेवा आणि सप्लायला एक जुनी, मोडीत काढायची हार्ड डिस्क जोडा, कारण हे सप्लाय भाराशिवाय नीट सुरू होत नाहीत. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडात पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद झाला तर मीटरने लाल तारेवर ५ आणि पिवळीवर १२ व्होल्ट बघा, आणि मगच बोर्ड जोडा. पडद्यावर काय येतं, किती बीप होतात आणि बोर्डावरच्या मोठ्या चिपांवर कोणते नंबर आहेत, एवढं लिहून पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.